दिव्याच्या पाठीवरचं लेबल

पुण्याजवळच्या मांजरीत महादेवनगरच्या बाजूला पत्र्याच्या एका शेडमध्ये मी एक फ्लडलाइट चाचणीत नापास होताना पाहिला. दीडशे वॅटचा, अॅल्युमिनियमची डायकास्ट बॉडी, काळं पावडर कोटिंग, पुढे जाड काच. हातात घेतला तर चांगला वजनदार. मागचं झाकण उघडल्यावर हिरवी-पिवळी वायर दिसली, तिला व्यवस्थित चिमटलेलं रिंग टर्मिनल, आणि ते स्क्रूने बॉडीला आवळलेलं. नजरेला एकही चूक सापडत नव्हती. मग अर्थच्या टोकापासून बॉडीपर्यंत १० अँपिअरचा प्रवाह सोडला. रोध अर्ध्या ओहमच्या आत यायला हवा होता, तो आला नाही. स्क्रू काढून पाहिल्यावर कारण समोर आलं. रिंग टर्मिनल रंगावर बसलं होतं. पावडर कोटिंग वीज वाहून नेत नाही, त्यामुळे जो काही संपर्क होता तो स्क्रूच्या दोन-चार आट्यांपुरता. कारागिराने टर्मिनलखालचा रंग खरवडला, दातेरी वॉशर घातला, पुन्हा आवळलं, आणि तोच दिवा पास झाला. त्या वॉशरची किंमत कटिंग चहापेक्षाही कमी होती.

असा दिवा खांबावर चढला असता तर रोज रात्री व्यवस्थित पेटला असता. कुणाची तक्रार आली नसती. मग एखाद्या पावसाळ्यात आतल्या वायरचं आवरण घासून फेज बॉडीला टेकली असती. अर्थिंग चांगलं असतं तर त्याच क्षणी एमसीबी पडला असता. ते नसल्यामुळे बॉडीत वीज उतरून राहिली असती, शिडी लावून काच पुसायला चढणाऱ्या माणसाचा हात लागेपर्यंत.

हे पुस्तक लिहायचं मी त्या शेडमध्ये ठरवलं.

व्यापारी जागांतले दिवे म्हणजे दुकानं, कार्यालयं, गोदामं, रुग्णालयं, कारखाने आणि रस्ते यांवरची फिटिंगं. त्यांच्या सुरक्षिततेची प्रमाणपत्रं कोण देतं, कशाच्या आधारावर देतं, आणि देश बदलला की ती कशी बदलतात, हा या पुस्तकाचा विषय. वाचणारा कोण, हेही मनाशी पक्कं आहे. फॉल्स सीलिंगमध्ये पॅनेल बसवणारा वायरमन, सोसायटीच्या पार्किंगसाठी तीन कोटेशनं मागवणारा सेक्रेटरी, टेंडर भरणारा कंत्राटदार, आणि बाहेरून सुटे भाग आणून आपल्या नावाचे दिवे जोडणारा लहान कारखानदार. मांजरी बुद्रुक २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलं. पण त्याच्या आधीपासूनच सोलापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना उसाच्या आणि भाजीच्या रानांची जागा गोदामं, शोरूम आणि इमारती घेत होत्या. या प्रत्येक छताखाली दिवे लागले. ते पारखून घेण्याचं ज्ञान मात्र त्याहून कितीतरी कमी ठिकाणी पोहोचलं.

खरं तर मांजरीच्या माणसाला प्रमाणपत्र म्हणजे काय हे वेगळं शिकवायची गरज नाही. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र इथेच आहे, आणि युरोपला जाणाऱ्या द्राक्षांतल्या औषधांच्या अंशांची देशातली संदर्भ प्रयोगशाळाही याच केंद्रात आहे. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अंश सापडल्यामुळे आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले. त्या हंगामाचा फटका बसलेला बागायतदार आजही ते विसरलेला नाही. माल उत्तम असून चालत नाही, तो उत्तम असल्याचा पुरावा समोरच्या देशाच्या नियमात बसावा लागतो, हे त्या वर्षी महाराष्ट्राच्या द्राक्षपट्ट्याला कळलं. ग्रेपनेट या निर्यातीच्या नोंदणी-व्यवस्थेवर नोंदलेल्या बागेचा नमुना तोडणीआधी तपासला जातो आणि पेटीवरच्या नोंदीवरून थेट बागेपर्यंत माग काढता येतो.

दिव्याचं प्रमाणपत्र मात्र एका बाबतीत द्राक्षाहून वेगळं आहे, आणि या पुस्तकात मला जे सांगायचं आहे ते याच फरकात आहे. द्राक्षात बागेबागेचा नमुना घेतला जातो, हंगामाहंगामाला. दिव्यात एखाद्या मॉडेलचे थोडे नमुने प्रयोगशाळेत जातात, पास होतात, आणि त्या कागदाच्या बळावर पुढची काही वर्षं हजारो दिवे बाहेर पडतात. म्हणजे प्रमाणपत्र कंपनीचं नसतं आणि तुमच्या हातातल्या दिव्याचंही नसतं. ते त्या नमुन्याचं असतं. हातातला दिवा त्या नमुन्यासारखाच आहे, हे कुणीतरी शब्द देऊन सांगत असतो. लेबल वाचायचं म्हणजे हा शब्द कुणी दिला आणि तो मोडल्यास कोण विचारणार, एवढं शोधायचं.

अशा शब्दाची गरज पहिल्यांदा विमा कंपन्यांना भासली. १८९३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं. हजारो दिवे, मैलोन्‌मैल तारा, आणि बहुतेक इमारती तात्पुरत्या, पटकन पेट घेणाऱ्या. विमावाल्यांनी धास्ती घेतली आणि विल्यम हेन्री मेरिल नावाच्या तरुण विद्युत अभियंत्याला तपासणीसाठी पाठवलं. पुढच्याच वर्षी, १८९४ मध्ये, त्याने चाचण्यांचं जे काम सुरू केलं त्यातून अंडररायटर्स लॅबोरेटरीज, म्हणजे आजची यूएल, उभी राहिली. नावातला अंडररायटर म्हणजे विमा उतरवणारा. ज्याला जळालेल्या इमारतीचे पैसे भरावे लागणार होते, त्यानेच आधी तार तपासायला माणूस नेमला. अमेरिकेच्या पद्धतीत हा स्वभाव अजूनही टिकून आहे. तिथे तपासणारा हा बनवणाऱ्याहून वेगळाच हवा.

जगाच्या बहुतेक भागात दिव्यांच्या सुरक्षिततेचं मूळ मानक एकच आहे, आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाचं आयईसी ६०५९८. आपलं आयएस १०३२२ त्याच वळणाचं, आणि युरोपचं ईएन ६०५९८ही तेच. त्यातल्या चाचण्या ऐकायला साध्या वाटतात, पण प्रत्येकीमागे कुठला ना कुठला धोका आहे. सांधे असलेलं एक धातूचं बोट असतं, १२ मिलिमीटर जाड आणि ८० मिलिमीटर लांब. माणसाच्या बोटासारखं ते प्रत्येक फटीत घालून पाहतात. आत वीज असलेल्या भागाला ते टेकलं तर दिवा नापास. शॉकपासून वाचवणाऱ्या प्लास्टिकच्या भागाला ६५० अंशांना तापवलेली तार अर्धा मिनिट टेकवतात. तार बाजूला घेतल्यावर ज्योत अर्ध्या मिनिटात विझली पाहिजे. बाजारात एकाच रंगाचे आणि एकाच जाडीचे दोन डिफ्युजर मिळतात. त्यातला एक या चाचणीत विझतो, दुसरा थेंब गाळत जळत राहतो. नुसत्या डोळ्यांनी हा फरक कळत नाही, म्हणून प्रयोगशाळा लागते.

आता आपल्या देशाचं. इथे सगळ्यात मोठा घोटाळा शब्दांचा आहे. इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशन १९४७ मध्ये स्थापन झाली आणि १९८७ मध्ये तिचं काम भारतीय मानक ब्युरोकडे, म्हणजे बीआयएसकडे गेलं. तरी आपण अजून आयएसआय म्हणतो, आणि टेंडरमध्येही 'आयएसआय मार्क एलईडी फिटिंग' असं सर्रास लिहितो. एलईडी दिव्यांना सक्तीची आहे ती वेगळी योजना, अनिवार्य नोंदणीची. इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी तिचा आदेश २०१२ मध्ये निघाला. २०१४ च्या अधिसूचनेने एलईडी दिवे, फिटिंगं आणि त्यांचे ड्रायव्हर तिच्यात आले, आणि नंतर रस्त्यावरचे दिवे, फ्लडलाइट, अगदी दिवाळीच्या माळासुद्धा. या योजनेत बीआयएस-मान्य प्रयोगशाळेचा अहवाल लागतो, बनवणारा स्वतः मानक पाळत असल्याचं जाहीर करतो, आणि ब्युरो त्याला 'आर' अक्षराने सुरू होणारा आठ आकडी नंबर देतो. हा नंबर कारखान्याच्या पत्त्याला बांधलेला असतो. त्याच मालकाचा दुसऱ्या गावात दुसरा कारखाना असेल तर त्याला वेगळा नंबर घ्यावा लागतो. म्हणून कुणी 'आमच्याकडे बीआयएस आहे' म्हणालं, तर कुठल्या पत्त्याला आणि कुठल्या मॉडेलला, हे विचारायला संकोचू नका. बीआयएस केअर हे अॅप फोनवर फुकट मिळतं. त्यात नंबर टाकला की कारखान्याचं नाव, उत्पादन आणि नोंदणी चालू आहे की नाही, हे समोर येतं. दुकानदाराच्या गल्ल्यासमोर उभं राहून हे एका मिनिटात करता येतं. मी ते करतो, आणि नंबर भलत्याच वस्तूचा निघाल्याचंही पाहिलं आहे.

युरोपची सीई खूण सगळ्यांत जास्त दिसते आणि सगळ्यांत कमी समजली जाते. सीई हे प्रमाणपत्र नव्हे. बनवणारा स्वतःच्या जबाबदारीवर लावतो ती ही घोषणा. दिव्यांसाठी तिच्या पोटात लो व्होल्टेजचा निर्देश येतो, ५० ते १००० व्होल्ट एसीसाठी, शिवाय विद्युतचुंबकीय व्यत्ययाचा, आणि शिसं, पारा यांसारख्या घातक द्रव्यांचा. कुणी तिसऱ्याने तपासलंच पाहिजे अशी सक्ती सर्वसाधारण फिटिंगला नाही. मात्र तपासणी यंत्रणेने मागितलं की तांत्रिक फाइल हजर करावी लागते. फाइल नसेल तर खुणेला अर्थ उरत नाही. सीई म्हणजे 'चायना एक्स्पोर्ट', अक्षरांतलं अंतर कमी असलं की ते ओळखायचं, अशी कथा पुण्याच्या रविवार पेठेपासून मुंबईच्या लोहार चाळीपर्यंत फिरते. तशी वेगळी खूण कुठेही नोंदलेली नाही. अक्षरं मोजत बसण्यापेक्षा फाइल मागावी. आणि तिसऱ्या पक्षाची खात्री हवी असेल तर ईएनईसी ही खूण पाहावी. तिच्यासाठी मान्य संस्था दिवा तपासते, दरवर्षी कारखान्यातही येते, आणि खुणेशेजारी त्या संस्थेचा क्रमांक छापलेला असतो.

अमेरिकेत गणित उलटं होतं. तिथल्या विद्युत संहितेप्रमाणे फिटिंग 'लिस्टेड' असलंच पाहिजे. म्हणजे सरकारमान्य प्रयोगशाळेने तो पूर्ण दिवा तपासून आपल्या यादीत घेतलेला हवा. यूएल त्यातली एक. इंटरटेकची ईटीएल खूणही तितकीच ग्राह्य, आणि तिचं मूळ एडिसनच्या काळातल्या, १८९६ च्या लॅम्प टेस्टिंग ब्युरोत आहे. ग्राहक हटून यूएलच मागत असेल तर ती त्याची पसंती, कायद्याची अट नव्हे. फिटिंगसाठी यूएल १५९८ आणि एलईडीच्या भागांसाठी यूएल ८७५०, ही दोन मानकं लक्षात ठेवावीत. दिवा यादीत आला म्हणजे सुटलो असं होत नाही. तपासनीस आगाऊ न कळवता कारखान्यात येतो आणि फाइलमधले भाग व चालू मालातले भाग ताडून बघतो.

आपल्या लहान निर्यातदारांचा पाय इथे घसरतो. ड्रायव्हरवर 'आर' आणि 'यू' ही जोडलेली उलटी अक्षरं दिसली की ते दिव्याला यूएल मिळाल्याचं समजतात. ती खूण सुट्या भागाची आहे. हा भाग मोठ्या वस्तूत वापरण्याजोगा आहे, एवढंच ती सांगते. मान्यताप्राप्त ड्रायव्हर, मान्यताप्राप्त वायर आणि मान्यताप्राप्त कनेक्टर एकत्र जोडून झालेला दिवा आपोआप यादीत जात नाही. चांगलं तूप, चांगला रवा आणि चांगली साखर आणली तरी शिरा करपू शकतो.

बाकीच्या बाजारांवर पुस्तकात स्वतंत्र प्रकरणं आहेत, इथे फक्त ओझरता उल्लेख करतो. ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर यूकेसीए खूण आणली आणि पुढे सीई चालू ठेवण्याचंही ठरवलं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला आरसीएम लागते, चीनला सीसीसी, जपानला पीएसई, आणि तिथे वीज १०० व्होल्टची. सौदी अरेबियात माल साबेर या सरकारी प्रणालीवर नोंदवावा लागतो. तिथे २३० व्होल्ट असले तरी वारंवारता ६० हर्ट्झ आहे, आणि शेजारच्या अमिरातीत ५०. दुबईसाठी बनवलेला माल सौदीला तसाच उचलून चालेल, हे गृहीत धरू नये. या सगळ्या धावपळीत एक सोय आहे, आयईसीच्याच आयईसीईई या यंत्रणेची सीबी योजना. तिच्या अहवालावर सभासद देश पुन्हा पहिल्यापासून चाचण्या न करता आपापले फरक तेवढे तपासतात. आपल्या बीआयएस नोंदणीसाठी मात्र बीआयएस-मान्य प्रयोगशाळेचाच अहवाल लागतो, तेव्हा दोन्हींचा खर्च आधीच धरून ठेवावा.

लेबलावरच्या एका छोट्या चिन्हाबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण आपल्याकडे तेच सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतं. 'टीए' आणि पुढे एक आकडा, म्हणजे दिव्याभोवतीची हवा जास्तीत जास्त किती तापलेली चालेल. चाचण्या याच आकड्याच्या आधाराने होतात. दीर्घकाळ पेटवून ठेवण्याची चाचणी तर त्याहून १० अंश वर करतात. लेबलावर टीए छापलेलाच नसेल तर मानकाप्रमाणे तो २५ अंश धरायचा. आता एप्रिलच्या दुपारी मांजरीतल्या कुठल्याही पत्र्याच्या गोदामात शिडीवर चढून छताला डोकं लागेपर्यंत वर जा. खाली जमिनीवर ४० अंश असतील तर वर पत्र्याखाली हवा त्याहून पुष्कळ तापलेली असते. तिथे २५ अंशांचा दिवा लटकवला, तर प्रमाणपत्र खरं असलं तरी ते त्या जागेला लागूच होत नाही. ड्रायव्हरमधले कपॅसिटर सुकतात, वायरीचं आवरण कडक होऊन तडकतं, सोल्डर सुटतं. मग 'एलईडी टिकत नाहीत' असा बोभाटा होतो. युरोपातल्या थंड कार्यालयासाठी बनलेल्या दिव्याला आपण भट्टीत बसवलेलं असतं. आपल्या शेडसाठी ४५ किंवा ५० अंशांचा टीए मागून घ्या. थोडा महाग पडेल. तो पैसा हीटसिंकच्या धातूचा असतो आणि तो वाया जात नाही.

तसंच आयपीच्या आकड्यांचं. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. मांजरीच्या उपबाजारात पालेभाजीच्या जुड्यांवर पाणी मारतात, फरशी पाइपने धुतात आणि टेम्पोंची धूळ दिवसभर उडते. अशा जागी आयपी २० चं फिटिंग लावणं चूक आहे. ६५ लागतं, म्हणजे धूळ अजिबात आत न जाणारं आणि पाण्याची धार सोसणारं. पण ६५ चं फिटिंगही वायरमनने केबलसाठी स्वतः भोक पाडून ग्लँड न बसवता लावलं, तर त्याचा ६५ तिथेच संपतो. शिडीवरचा माणूसही शब्द देणाऱ्यांच्या साखळीत आहे, आणि पुस्तकाचा जवळजवळ तिसरा भाग मी त्याच्यासाठी ठेवला आहे.

माझ्या डोळ्यांसमोर घडलेली एक गोष्ट इथे लिहून ठेवतो. ओळखीतल्या एका कारखानदाराला युरोपची ऑर्डर होती. अहवाल चोख आणि माल तयार होत आलेला. मध्येच ठरलेला ड्रायव्हर बाजारात मिळेना. तेवढ्याच वॅटचा, तेवढ्याच प्रवाहाचा दुसरा मिळाला, तो बसवला, आणि दिवे उत्तम पेटले. घेणाऱ्याच्या तपासनीसाने एक खोकं फोडलं, दिवा उघडला, आणि चाचणी अहवालाच्या शेवटच्या पानांवरचे सुट्या भागांचे फोटो शेजारी धरले. एवढ्यावर तो कंटेनर थांबला. कारखानदार कळवळून सांगत होता की नवा ड्रायव्हर पहिल्यापेक्षा चांगला आहे. कदाचित असेलही. पण तपासला गेला तो दिवा हा नव्हता. बदल करायचा असेल तर आधी प्रयोगशाळेला विचारायचं. पुष्कळदा काही निवडक चाचण्यांवर भागतं. न विचारता केलेला बदल प्रमाणपत्र रद्द करतो, मग तो बदल चांगल्यासाठी केलेला असो की पैसे वाचवायला.

सुरक्षितता हा शब्द मी इथे जपून वापरला आहे. २१ जानेवारी २०२१ ला मांजरीत सीरम इन्स्टिट्यूटच्या आवारात, काम चालू असलेल्या इमारतीला आग लागली आणि पाच कामगार गेले. त्याच महिन्याच्या ९ तारखेला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात बालकांच्या कक्षात आग लागून दहा बाळं दगावली होती. या घटनांची कारणं वेगळी आहेत आणि त्या मी दिव्यांशी जोडत नाही. पण आग कशी असते हे ज्या गावाने जवळून पाहिलं, त्या गावात बसून चाचण्यांबद्दल लिहिताना हात आपोआप सावध होतो. अर्ध्या मिनिटात ज्योत विझली पाहिजे, ही ओळ मग नुसती तांत्रिक राहत नाही.

भाषेबद्दल दोन शब्द. या विषयावरची बहुतेक माहिती इंग्रजीत आहे आणि मानकं तर वकिली इंग्रजीत. मी मराठीत लिहिताना ड्रायव्हर, फिटिंग, अर्थिंग, ग्लँड हे शब्द तसेच ठेवले आहेत, कारण शेडमध्ये ते मराठीच झालेले आहेत. ल्युमिनेअरसाठी 'प्रकाशयोजक' असला कुणी न बोललेला शब्द घडवून वायरमनला परकं करायचं नव्हतं. ज्यांनी आपल्या कारखान्यांची दारं उघडून नापास झालेले दिवेही दाखवले, त्यांचा मी मनापासून ऋणी आहे. पास झालेले दिवे सगळेच दाखवतात. मानकं आणि आदेश बदलत राहतात, तेव्हा ऑर्डर घेण्याआधी ताजी आवृत्ती पाहून घ्यावी.

आणि वाचकाला एक विनंती. फिटिंग छतात गेलं की त्याच्या पाठीवरचं लेबल पुन्हा कुणाच्या नजरेला पडत नाही. म्हणून पुढचा दिवा बसवण्याआधी तो उलटा करा, नंबर, टीए आणि आयपी वाचा, लेबलाचा फोटो काढा, आणि ज्याच्या जागेत तो दिवा लावताय त्याला तो फोटो पाठवून द्या.